धारूर घाट, सकाळी 11.40

मे महिना. बीड जिल्ह्यात लग्नसराईही जोरात आणि ऊनही. माजलगावहून तेलगावमार्गे धारूरला जायचं तर बालाघाटची चढण चुकत नाही. रस्ता अरुंद, वळणं आवळलेली, पुढे मालट्रक आणि मागे हॉर्न. जुन्या गाडीतला लपलेला दोष अशाच ठिकाणी उघडा पडतो.

इथला दिवस एका गाडीचा नाही. घाटात बंद पडलेल्या अनेक गाड्यांच्या हकिकतींतून तो जोडला आहे, म्हणून त्यात गाडीचा नंबर नाही की कुणाचं नाव नाही. इंजिनात जे घडलं ते मात्र असंच आणि याच क्रमाने घडतं.

आदली संध्याकाळ, 6.00

वीस वर्षांहून जुनी डिझेल जीप उद्याच्या वऱ्हाडासाठी धुऊन अंगणात उभी आहे. पुढच्या बाजूला, इंजिनाखाली, तळहाताएवढा ओला डाग. धुतल्याचंच पाणी असेल, असं म्हणून कुणी वाकून पाहत नाही. रेडिएटरचं झाकण उघडलं तर पाणी बोटभर खाली. बोअरचं पाणी ओतून झाकण लावलं जातं. "जुनी गाडी आहे, थोडं पाणी खातीच."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याची भीती वाटते. गाडी पाणी खात नाही. पाण्याचा फेरा बंद असतो. पंप पाणी इंजिनात ढकलतो, इंजिनाची उष्णता घेऊन ते रेडिएटरमध्ये येतं, निवतं आणि परत जातं. पातळी उतरली म्हणजे पाणी कुठूनतरी बाहेर पडतंय, नाहीतर सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये शिरतंय.

इथे ते वॉटर पंपातून जातंय. पंपाच्या दांड्यावरचं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये घुसू नये म्हणून पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक ठेवलेलं असतं. त्या भोकातून थेंब येणं ही पंप बदलायची सूचना. भोकाखाली पांढरट-हिरवट खपली धरली आहे. बॅटरी लावून वाकलं असतं तर दिसली असती. हिरवी छटा जुन्या कूलंटची आणि पांढरा थर बोअरच्या क्षारांचा, म्हणजे गळती आजची नव्हे.

सकाळी 7.00

गाडी एका सेल्फला चालू होते. गार असताना गळती जवळपास थांबलेली, त्यामुळे सगळ्यांना हायसं वाटतं.

कूलंट कधीचाच संपला आहे, आत निव्वळ पाणी आहे. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर ते उशिरा उकळतं, आतून गंज धरू देत नाही आणि पंपाचं सीलही जपतं. आपल्याकडचं काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड. ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षाराचा थर चढवत जातं.

दुसरी उणीव झाकणात आहे. ते साधं झाकण नसतं, आत स्प्रिंग आणि रबर असतं. ते धड असेल तर सुमारे 0.9 बार दाब धरतं. बीडच्या उंचीवर उघडं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, पण या दाबाखाली तेच पाणी 118 अंशांपर्यंत तग धरतं. या जीपच्या झाकणाचं रबर चिरलेलं. म्हणजे वीस अंशांचा आधार घरून निघण्याआधीच गेलेला.

9.40

आहेराची बोचकी, पातेली, दहा माणसं. निघायला उशीर झाला आहे. सपाट रस्त्यावर समोरून वारा मिळतो आणि तापमानाचा काटा मध्यावर राहतो.

10.30, तेलगाव

चहासाठी गाडी थांबते. इंजिन चालूच. आता थेंब मोजता येतील असे पडताहेत. नवरीचे मामा वाकून बघतात. "दादा, पाणी गळतंय की."

"हळद टाकतो मामा. बसतंय मग."

हळदीचा उपाय कुणी मूर्खपणाने काढलेला नाही. रेडिएटरला सुईएवढं भोक असेल तर हळद फुगून तिथे बसते आणि गाडी घरी पोचते. पण फिरत्या दांड्याच्या सीलला हळद काय करणार? ती जाते रेडिएटरच्या नळ्यांत, क्षाराने आधीच अरुंद झालेल्या.

वऱ्हाडाचा दिवस वाचवायची शेवटची जागा हीच होती. तेलगावला दुसरी गाडी बघता आली असती आणि या गाडीची गळती गॅरेजात तपासता आली असती. इंजिन निवू देऊन झाकणाच्या जागी दाब तपासायचा हातपंप लावायचा, झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब द्यायचा आणि पंपावरच्या दाबमापकाचा काटा दहा-पंधरा मिनिटं बघायचा. काटा उतरला तर गळती आहे. मग होज पाइपची टोकं, क्लिपा, रेडिएटरचे सांधे, पंपाचं भोक क्रमाने बघायचं. बाहेर सगळं कोरडं आणि तरी काटा उतरतोय, तर संशय हेड गॅस्केटवर. या तपासणीला गाडी खोलावी लागत नाही.

11.10

चढण सुरू. दुसरा गिअर, वेग नाही, म्हणून वारा नाही. इंजिनावर मात्र दिवसातलं सगळ्यात जास्त ओझं. काटा मध्य सोडून लाल पट्टीकडे सरकतो. मागे ट्रक लागलेला, बाजूला घ्यायला जागा नाही. "वर गेलं की निवते," असं ड्रायव्हर म्हणतो.

11.25

काटा खाली येऊ लागतो.

या घटनाक्रमातला सगळ्यात धोक्याचा क्षण हाच, आणि याच क्षणी गाडीत सगळे सुटकेचा श्वास सोडतात. "उतरला बघा!" तापमान सांगणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं सांगतो. पाणी त्याच्याखाली उतरलं की भोवती नुसती वाफ किंवा हवा राहते आणि काटा खोटं बोलू लागतो. इंजिन निवलेलं नाही. त्यात पुरेसं पाणीच उरलेलं नाही. चढणीवर ओझं तेवढंच असताना काटा एकाएकी उतरला तर जिथे जागा मिळेल तिथे इंजिन बंद करायचं, मागे कितीही हॉर्न वाजोत.

11.40

ओढ जाते, खडखड ऐकू येते, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि वळणाच्या तोंडावर गाडी बंद पडते. हेड तापून वाकलं आहे, दोन सिलिंडरांमधलं गॅस्केट जळलं आहे.

एक पोरगा पाण्याची बाटली घेऊन बॉनेटकडे धावतो. एक आजी त्याचा दंड धरून मागे ओढतात. त्यांना इंजिनातलं काही कळत नाही, पण वाफेने भाजलेला हात त्यांनी पाहिलेला आहे. त्यांच्यामुळे आणखी एक नुकसान टळलं, कारण तापलेल्या इंजिनात गार पाणी पडलं तर ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो.

वऱ्हाड मागून आलेल्या टेम्पोतून पुढे गेलं. अक्षता चुकल्या.

नंतर, गॅरेजात

ऑइलची काडी काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी धरली की मधून उजेड दिसतो. थर्मोस्टॅट जागेवर नव्हता. पूर्वी कधीतरी "गाडी गरम होते" म्हणून काढून टाकलेला. काही इंजिनांत तो काढल्यावर पाणी रेडिएटर टाळून आतल्या आत फिरतं, आणि गाडी उलट जास्त तापते.

मग हेडला मशीनवर फेसिंग, नवं गॅस्केट आणि ऑइल, बोल्ट मधून बाहेर या क्रमाने टॉर्क पान्याने आवळणं. रेडिएटर खोलून साफ, वॉटर पंप, झाकण, थर्मोस्टॅट आणि दोन्ही होज नवे. कूलंट हळूहळू भरून, इंजिन चालवून अडकलेली हवा काढली. पुन्हा हातपंपाने दाब देऊन पाहिला, काटा हलला नाही. यातलं हेडचं, गॅस्केटचं आणि ऑइलचं काम फक्त त्या एका सकाळमुळे वाढलं. पंप आणि झाकण तर आदल्या संध्याकाळीच बदलायला हवं होतं.

तुमची गाडी जुनी असेल तर रात्री तिच्याखाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडला ते बघा. कूलंट चवीला गोड पण विषारी असतो, सांडलेला कुत्र्या-वासरांच्या तोंडी लागू देऊ नका. आणि घाटात गाडी तापून उभी राहिलीच, तर आधी पोरांना लांब न्या. रेडिएटरचा वरचा होज हातात सहज धरता येईपर्यंत कुणालाही झाकणाला हात लावू देऊ नका.