पालखी, सोटा आणि शिकवण

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्या भाषेत एक म्हण आहे. कुळगावातील आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात दोन महिन्यांचे एक पिल्लू आले, आणि ही म्हण दिवसातून दहा वेळा आमच्या कानी पडू लागली. चपला पळवाव्यात, चालत्या माणसाच्या पावलांना दात लावावेत, पाहुणा दारात दिसताच त्याच्या अंगावर झेप घ्यावी, हा त्याचा नित्यक्रम. पुढे चौथ्या महिन्यात त्याच्या उडीने एक वृद्ध स्नेही पडता पडता वाचले. त्या रात्री ‘उल्हास नदीपलीकडे नेऊन सोडावे’ असा ठराव घरात जवळजवळ मंजूर झाला. निकालापूर्वी पुरावा पाहावा ही आमच्या विषयाची शिस्त. म्हणून आम्ही एक आठवड्याची मुदत मागून घेतली.

पुरावा पाहू जाता एक गोष्ट ध्यानी येते. आपल्या इतिहासात कुत्र्याच्या वाट्याला बहुधा दोनच गोष्टी आल्या: पालखी किंवा सोटा. साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज (राज्यकाल १७०८–१७४९) यांच्या खंड्या नामक कुत्र्याने त्यांना वाघापासून वाचविले, आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे परंपरा सांगते. संगम माहुलीस त्याची समाधी आजही दाखवितात. उलटपक्षी, १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याची मोहीम सरकारने चालविली. कुत्र्यास पवित्र मानणारा पारशी समाज त्यामुळे खवळला, दुकाने बंद झाली, आणि जूनच्या आरंभी शहरात दंगल उसळली.

पालखी आणि सोटा यांत अंतर जमीन-अस्मानाचे. परंतु दोहोंच्या मुळाशी समजूत एकच आहे. कुत्रा जन्मतःच चांगला किंवा वाईट असतो. माणसाने फक्त त्याचे कौतुक करावे किंवा पारिपत्य करावे! खंड्याची कथा घरोघरी ठाऊक आहे. पण त्याला हाकेसरशी परत यायला कोणी शिकविले, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही.

ही समजूत खोटी आहे, याची साक्ष आपल्याच काळाने दिली आहे. १९९३च्या मार्चमध्ये मुंबई बॉम्बस्फोटांनी हादरली, तेव्हा पोलिसांच्या पथकात झंजीर नावाचा एक लॅब्रॅडोर जातीचा कुत्रा होता. ३,३२९ किलो आर. डी. एक्स., ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब त्याने शोधून दिल्याची नोंद आहे. २००० साली तो वारला, तेव्हा त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला. येथेही शेवटी मानच मिळाला खरा. परंतु त्याआधी पद्धतशीर शिक्षण होते. अशा कुत्र्यांना नेमका वास ओळखला की खाऊ किंवा खेळणे मिळते. काम हाच त्यांचा खेळ होऊन बसतो.

शास्त्राचाही कौल हाच. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ साली ग्रंथरूपाने दाखवून दिले, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसांशी व जगाशी नाते जोडते. तेव्हा झालेले संस्कार खोल जातात. पुढे चौथ्या महिन्यापासून बाळदात पडून नवे येऊ लागतात. मग चावणे हा दुष्टपणा नसून हिरड्यांची ठणक असते. आणि उडी? आपण ओरडतो, हातांनी ढकलतो. पिल्लाला तोही खेळच वाटतो. म्हणजे अवगुणाला रोज बक्षीस देणारे आपणच!

आम्ही घरात नियम केला. उडी आली की पाठ फिरवायची, बोलायचे नाही. चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. पायाला दात लागले की खेळ बंद, आणि तोंडात चावायची दोरी. एका गोष्टीला घरात सर्वांनी एकच शब्द वापरायचा. झोपेची वेळ मोडायची नाही, कारण पेंगुळलेले पिल्लू हट्टी मुलासारखेच उधळते. चूक होऊन गेल्यावर मारायचे तर मुळीच नाही. त्यातून पिल्लू चूक शिकत नाही, केवळ आपला हात ओळखते. खरे सांगायचे तर पिल्लापेक्षा माणसांनाच हा अभ्यास जड गेला. पहिल्या आठवड्यात नियम मोडणारांत प्रस्तुत लेखकाचा क्रमांक पहिला होता. मुदत दोनदा वाढवावी लागली.

बदलापूर हे नाव प्रवासातले घोडे येथे बदलले जात म्हणून पडले, असे जुने लोक सांगतात. ते खरे असेल तर शिकविलेल्या जनावरांवर विसंबलेले हे गाव. येथे एका पिल्लाला घराबाहेर काढण्याची घाई आम्हालाच का व्हावी? परवा तेच वृद्ध स्नेही पुन्हा आले. पिल्लू धावले, थबकले, आणि कसेबसे बसले. शेपूट मात्र वाकडेच होते, आणि आनंदाने हलत होते. ते सरळ करण्याचे काम आमच्यावर कोणी सोपविलेच नव्हते.