न्यूट्रॉनला विचारलेला काळाचा प्रश्न

आपल्याच सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात भवचक्र रंगवलेलं आहे. काळ चक्रासारखा फिरतो, ही कल्पना आपल्याकडे जुनी. अनुभव मात्र वेगळं सांगतो. फुटलेलं मडकं आपोआप सांधत नाही. गंमत अशी, की न्यूटनच्या नियमांत काळाची दिशा उलटी केली तरी नियम तेच राहतात. मडकं सांधत नाही ते असंख्य कणांच्या गर्दीमुळे. मग एकट्या कणाच्या पातळीवर निसर्ग काळाच्या दोन दिशांत भेद करतो का?

हे न्यूट्रॉनला विचारता येतं. त्याचा एकूण विद्युतभार शून्य, पण आत धन आणि ऋण भारांचे क्वार्क आहेत. शिवाय तो भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरतो असं समजा. आता धनभार अक्षाच्या एका टोकाकडे किंचित सरकलेला असेल, आणि आपण चित्रफीत उलटी चालवली, तर काय दिसेल? भोवरा उलटा फिरेल, भार मात्र जागच्या जागी राहील. म्हणजे हा मूळ न्यूट्रॉन नव्हेच! असं सरकणं सापडलं, तर कालसममिती मोडली.

१९५० मध्ये पर्सेल आणि रॅम्से यांनी अशाच सरकण्याचा शोध घ्यायचं सुचवलं. तेव्हा प्रश्न होता डाव्या-उजव्याच्या सममितीचा. ती सममिती बहुतेकांना इतकी उघड वाटे, की मोजायचं कशाला? १९५६ च्या ४ ऑगस्टला आपल्या तुर्भ्यात ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली; न्यूट्रॉनचे झोत महाराष्ट्रात मिळू लागले. त्याच वर्षी ली आणि यांग यांनी त्या सममितीवर शंका घेतली, आणि १९५७ च्या जानेवारीत वू बाईंच्या प्रयोगातून ती मोडल्याचं जाहीर झालं. तेव्हा लांडाऊ म्हणाले, कालसममिती तरी न्यूट्रॉनमधलं सरकणं रोखेलच. रॅम्सेंचं म्हणणं, तीही मोजूनच ठरवावी. १९६४ मध्ये क्रोनिन आणि फिच यांना केऑन कणांच्या विघटनात जे दिसलं, त्यावरून कालसममितीही अभंग नसल्याचा निष्कर्ष निघाला.

न्यूट्रॉनचं उत्तर मात्र अजून शून्यच आहे. चुंबकीय क्षेत्रात त्याचा अक्ष डोलतो. विद्युतक्षेत्राची दिशा पालटल्यावर डोलण्याचा वेग बदलतो का, एवढंच पाहायचं. २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतून आलेली मर्यादा १९५७ च्या पहिल्या मर्यादेपेक्षा सुमारे २८ लाख पट काटेकोर आहे. न्यूट्रॉन पृथ्वीएवढा मोठा केला, तर सरकणं फार तर एक-दोन मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या कितीतरी आत!

मग एवढा खटाटोप कशासाठी? विश्वारंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य समसमान असतं, तर दोन्ही एकमेकांना संपवून बसले असते. आपण इथं नसतो. द्रव्य उरायला अशी सममिती मोडावी लागते, हे साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये दाखवलं. केऑनमध्ये दिसलेली मोडतोड त्याला फारच अपुरी पडते. म्हणजे कुठेतरी नवं भौतिकशास्त्र दडलेलं असणार. त्यासाठी मांडलेल्या अनेक सिद्धान्तांना या शून्यानंच बाद केलं किंवा मुरड घालायला लावली. ‘आपण का आहोत’ हा तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न. त्याच्या उत्तरांची चाळणी आज असल्या प्रयोगांतून होते आहे.