रस्ता कोणाचा?



या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावे असे निमंत्रण आले तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी इतिहासाचा अध्यापक नव्हे. नववीच्या पुढे माझे शालेय शिक्षण झाले नाही. पुढचे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, आणि त्याहूनही अधिक कामगारांच्या सभांतून. परंतु आजचा विषय विद्वानांपेक्षा पायी चालणाऱ्याचा अधिक आहे. तो विषय म्हणजे रस्ता. रस्त्यासंबंधी जे ठराव होतात ते कोणी केले, कोणासाठी केले आणि त्यांची किंमत कोणी मोजली, हे मुंबईच्या इतिहासावरून पाहावे असा माझा विचार आहे. मुंबईच का, असे कोणी विचारील. आपल्याकडे नगरकारभाराचे बहुतेक धडे प्रथम तेथे गिरवले गेले. आणि तेथल्या चुकाही मग इतर नगरांनी तितक्याच निष्ठेने गिरवल्या, म्हणून.

आरंभ 1865 सालापासून करू. त्या वर्षीच्या कायद्याने मुंबईच्या म्युनिसिपालिटीचा कारभार एका कमिशनरच्या हाती आला, आणि आर्थर क्रॉफर्ड हे त्या जागेवर आले. हा गृहस्थ मोठा धडाडीचा. त्याने रस्ते केले, गटारांचे काम हाती घेतले, आणि 1869 मध्ये त्याच्याच नावाची ती प्रसिद्ध मंडई उभी राहिली. पण पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, यावर कोणाचीच खरी देखरेख नव्हती. देखरेख करावयाची ती जस्टिस ऑफ दि पीस या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांनी. शेकडो असामींच्या त्या मंडळाला कमिशनरला आवरणे साधले नाही. तिजोरी रिकामी झाली, कर वाढले आणि 1871 मध्ये करदात्यांनी मोठी ओरड केली.

त्याच वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एका तरुण बॅरिस्टराने या प्रश्नावर निबंध वाचला. त्याचे नाव फिरोजशहा मेहता. त्याने सांगितले ते थोडक्यात असे, की दोष कमिशनरच्या कर्तबगारीचा नाही. त्या कर्तबगारीवर लोकांनी निवडलेल्या सभेचा पहारा नाही, हा खरा दोष आहे. सभेला ते रुचले नाही, गोंधळ झाला. परंतु पुढच्याच वर्षी, 1872 मध्ये, 64 सभासदांचे कॉर्पोरेशन आले आणि त्यातले निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. 1888 च्या कायद्याने ही रचना पक्की झाली. एका व्याख्यानातून निघालेला विचार कायद्यात उतरावयास फार काळ लागला नाही, ही गोष्ट व्याख्यानमालांना जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मात्र दुसरी गोष्टही ध्यानात ठेवली पाहिजे. 1872 च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती 6 लाख 44 हजार भरली. मतदार होते फक्त काही हजार. जो कर देतो तोच शहराचा मालक, असा तो न्याय होता. रस्त्यासाठी खडी फोडणारा, गटार उपसणारा, गिरणीत बारा-बारा तास राबणारा माणूस त्या हिशेबात कोठेच नव्हता. त्या काळीही याविरुद्ध बोलणारे होते. महात्मा फुले 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चावयाचा प्रश्न 1880 मध्ये निघाला, तेव्हा त्याला फुल्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे क्रॉफर्डच्या त्या मंडईला फुल्यांचेच नाव देण्यात आले. इतिहास असा कधी कधी सावकाश न्याय करतो.

आता प्लेगाकडे येऊ. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगाचे निदान केले. काही महिन्यांत माणसे पटापट मरू लागली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारे नारायण मेघाजी लोखंडे 1897 च्या फेब्रुवारीत याच साथीत गेले. सरकारने 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढावयाचे म्हणजे समुद्रावरचा वारा आत खेळेल आणि रोग हटेल, अशी त्यामागची कल्पना. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड त्या कल्पनेतून झाले. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण या ट्रस्टच्या मंडळात कोण बसले होते ते पाहा. सरकारी अधिकारी होते, कॉर्पोरेशनचे प्रतिनिधी होते, चेंबर ऑफ कॉमर्सचा माणूस होता, गिरणीमालकांचा होता, पोर्ट ट्रस्टचा होता. ज्यांची घरे पडावयाची होती त्यांचा मात्र कोणी नव्हता.

मग व्हावयाचे तेच झाले. घरे आधी पडली आणि नवी चाळ मागाहून आली. मधल्या काळात उठवलेली माणसे शेजारच्या, आधीच गच्च भरलेल्या चाळींत शिरली. रस्त्यावर वारा आला, पण तो ज्यांच्यासाठी आणला ते दुसऱ्या गल्लीत गुदमरत होते. ट्रस्टने पुढे आग्रीपाडा, नागपाडा, परळ अशा भागांत चाळी बांधल्या, हे त्याच्या जमेस धरले पाहिजे. परळच्या तसल्याच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कित्येक वर्षे काढली. 1933 मध्ये हा ट्रस्ट कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाला.

तिसरी हकीकत ट्रॅमची. 9 मे 1874 रोजी मुंबईत घोड्यांची ट्रॅम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीला आणि दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीला. भाडे प्रथम तीन आणे होते, ते लवकरच दोन आण्यांवर आले. कंपनीच्या पागेत 900 घोडे होते. 7 मे 1907 रोजी विजेची ट्रॅम आली, आणि 1926 मध्ये बसही धावू लागली. 7 ऑगस्ट 1947 रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, हा सगळा व्यवहार बेस्ट कंपनीकडून म्युनिसिपालिटीच्या ताब्यात आला. 1948 मध्ये मुंबईत प्रौढ मतदानाने निवडणूक झाली, आणि 1958 मध्ये कामगार चळवळीतले कॉम्रेड एस. एस. मिरजकर महापौर झाले. करदात्यांचे शहर रहिवाशांचे झाले, असे म्हणावयास आता हरकत नव्हती.

आणि तरीही 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदराहून दादरला शेवटची ट्रॅम गेली. ट्रॅम बंद करण्यामागे कारणे होती. ती हळू चाले, रूळ रस्त्याच्या मधोमध असल्यामुळे मागची वाहने खोळंबत, आणि बसला हवा तो रस्ता धरता येतो. ही कारणे खोटी नव्हती. पण त्यानंतर वर्षभराने, 1965 मध्ये, केम्प्स कॉर्नरला मुंबईतला पहिला उड्डाणपूल झाला. ट्रॅम गेली ती जागा बसला मिळेल असे सामान्य माणसाला वाटले असेल. प्रत्यक्षात ती मोटारीला मिळाली. ज्या सभागृहात आमची माणसे निवडून जात होती, तेथेही आम्ही पगार, बोनस, नोकऱ्या यांवर जितके बोललो तितके रस्त्यावर बोललो नाही. रस्ता हा इंजिनियरांचा विषय आहे असे आम्ही मानले, आणि ही आमची चूक झाली.

रस्ता म्हणजे जमीन. एक मोटार उभी करावयास सामान्यतः अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. ती सुमारे 135 चौरस फूट होते. आमची परळची खोली दहा बाय बारा, म्हणजे 120 चौरस फुटांची होती. तीत आम्ही सात माणसे राहत होतो. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, वडिलांची नोकरी त्यात कायमची गेली, आणि ती खोलीही आम्हाला सोडावी लागली. त्या खोलीचे भाडे आम्ही दरमहा मोजत होतो. तिच्याहून मोठी सार्वजनिक जागा एक मोटार दिवसभर फुकट अडवते आणि त्याला कोणी अतिक्रमण म्हणत नाही. तिच्या शेजारी चार फुटांच्या जागेत भाजीची पाटी घेऊन बाई बसली की मात्र अतिक्रमणाची गाडी येते. मोटारवाल्यावर माझा राग नाही. माझ्या मुलाचीही गाडी आहे. मी फक्त हिशेब मांडतो आहे. केंद्र सरकारच्या 2006 च्या नागरी वाहतूक धोरणातही हेच तत्त्व सांगितले आहे, की रस्त्याचा विचार वाहने नव्हे तर माणसे वाहून नेण्यासाठी करावा, आणि गाडी उभी करण्याची किंमत जागेच्या किमतीला धरून असावी.

अलीकडची गोष्ट सांगून इतिहासाचा हा फेरा पुरा करतो. मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. याच काळात, 2024 मध्ये, हजारो कोटींचा सागरी किनारा मार्ग मोटारींसाठी खुला झाला. आणि याच काळात बेस्टच्या बसगाड्यांचा ताफा, जो एके काळी चार हजारांच्या वर होता, तो तीन हजारांच्या खाली राहिला. मार्ग वाईट आहे असे नव्हे. पण 1871 मध्ये मेहतांनी जो दोष दाखवला तो त्या काळात पुन्हा आपल्यापुढे उभा राहिला. कर्तबगारी होती, पैसा होता, पहारा नव्हता.

आता माझ्या स्वतःच्या एका पापाची कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका नगरात बाजाररस्ता रुंद करण्याचा ठराव सभेपुढे आला. त्या दिवशी आम्ही एका कारखान्याच्या दारात सभा घेत होतो. घोषणा जोरात होत्या, गर्दी चांगली होती. नगरपालिकेच्या सभेत प्रेक्षकांच्या बाकावर मात्र आमचा एकही माणूस नव्हता. ठराव चर्चेशिवाय मंजूर झाला. महिन्याभरात साठ-सत्तर पाट्या उठल्या, आणि रुंद झालेल्या भागात गाड्यांची रांग लागली. उठलेल्यांत आमच्याच कामगारांच्या बायका होत्या. त्यांतली एक मला म्हणाली, "दादा, तुम्ही आमच्या मालकांच्या पगारासाठी भांडत होता, तेवढ्यात माझा पगार गेला." मला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही.

त्या दिवसापासून मी सभेच्या कामकाजाची कागदपत्रे वाचू लागलो. कायद्याने आपल्याला दिलेले पुष्कळ आपण उचललेलेच नाही. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकेची निवडणूक मुदत संपण्यापूर्वी झाली पाहिजे असे बंधन घातले. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक नगरात पथविक्रेता समिती असावी आणि तिच्यात किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे सांगितले आहे. 1898 च्या ट्रस्टच्या मेजाभोवती जी खुर्ची नव्हती ती आज कायद्याने मांडून ठेवली आहे. तिच्यावर कोणी बसावयाचे हे मात्र कायदा ठरवीत नाही. ते आपल्याला ठरवावे लागते.

म्हणून माझे मागणे लहान आहे. आपल्या गावात रस्ता रुंद करण्याचा, वाहनतळाचा किंवा फूटपाथ काढण्याचा प्रश्न निघेल त्या दिवशी आपल्यापैकी पाच-दहा जणांनी सभेच्या प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसावे. अंदाजपत्रकात फूटपाथला किती आणि डांबराला किती, हे मागून घ्यावे. ज्यांची जागा जाणार त्यांना सभेपूर्वी विचारले का, एवढे एकच विचारावे. बोलावयास मिळाले नाही तरी बसावे. रिकाम्या बाकासमोर जे ठराव एका दमात मंजूर होतात, ते भरलेल्या बाकासमोर तितक्या सहजासहजी होत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

येथे आज आपण एवढ्या मोठ्या संख्येने आला आहात. पुढच्या सभेला यातले थोडे जरी तेथे दिसले, तरी मी येथे बोललो ते व्यर्थ गेले नाही असे मी समजेन.