धावेपासून खाचेपर्यंत

जालना जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात गाडी हाकणे म्हणजे काय, हे तिथल्या वाचकांना आम्ही सांगायला नको. या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते, आणि मग चाक तुंब्यापर्यंत रुतते. जुन्या बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची अरुंद धाव असे. (धाव तापवून चढवायची आणि पाणी ओतून आवळायची. उष्णतेने होणारे प्रसरण शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.) ही धाव चिखल कापत खालच्या टणक थरापर्यंत जाई. तो थर फार खोल असला की मात्र गाडी अडलीच. त्यावर खरा उपाय वेळापत्रकाचा होता. कापूस निघतो तोच मुळी पावसाळा सरल्यावर, त्यामुळे जालन्याच्या पेठेकडे गाड्या निघत त्या वाटा वाळल्यावर. १९००च्या सुमारास मनमाडकडून निजामाच्या राज्यातली रेल्वे इथे आली आणि लांबच्या वाहतुकीची चिखलातून पुष्कळशी सुटका झाली.

पुढे खडीचे आणि डांबराचे रस्ते झाले. चिखलात रुतण्याचा प्रश्न मिटला, पण त्याच्या जागी घसरण्याचा प्रश्न आला. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट १८४५ साली घेतले, पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन डनलप या पशुवैद्याने ते पुन्हा शोधले. त्याचे नाव आपल्या खेड्यांत इतके रुळले की टायरच्या बैलगाडीलाच लोक 'डनलप' म्हणू लागले. सुरुवातीचे टायर अगदी गुळगुळीत होते आणि ओल्या रस्त्यावर ते सटकत. १९०४ मध्ये जर्मनीच्या कॉन्टिनेंटल कंपनीने मोटारीसाठी नक्षीचा टायर आणला. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या फायरस्टोनने तर 'नॉन स्किड' ही अक्षरेच टायरवर उठवली. म्हणजे जाहिरात आणि खाचा दोन्ही एकाच साच्यातून निघाल्या!

खाचा नेमक्या कशासाठी लागतात, याचा पक्का हिशोब मात्र विमानांमुळे झाला. ओल्या धावपट्टीवर उतरणारी विमाने ब्रेक लावूनही थांबेनात. नासाच्या लँग्ली केंद्रात वॉल्टर होर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला आणि १९६३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाक वेगाने पाण्यावर आले की पुढचे पाणी बाजूला सरायला वेळ मिळत नाही. त्या पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो टायरमधील हवेच्या दाबाशी बरोबरी करू लागला की चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगते. मग सुकाणू फिरवा की ब्रेक दाबा, रस्त्याला ते कळतच नाही.

होर्न यांचे सूत्र आपल्या एककांत असे लिहिता येईल: वेग (ताशी कि.मी.) = १६.७ × √दाब. इथे दाब म्हणजे पंपावर आपण सांगतो तो आकडा, पौंड प्रति चौरस इंच. दाब ३६ असेल तर उत्तर येते सुमारे १००. हवा उतरून २५ झाली तर फक्त ८३. गाडीचे वजन सूत्रात कुठेच नाही, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष जरूर वेधावे. गाडी जड झाली तर टायर अधिक चपटा होऊन अधिक जागा व्यापतो, दाब जवळजवळ तोच राहतो. सूत्र अर्थातच ढोबळ आहे. टायर गुळगुळीत असेल, किंवा पाणी खाचांहून खोल असेल, तेव्हाच ते लागू पडते.

आता जालना जिल्ह्याकडे परत येऊ. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि तो या जिल्ह्यातून जातो. मोटारींना तिथे ताशी १२० कि.मी. वेगाची मुभा आहे. १२० ला १६.७ ने भागून वर्ग केला तर ५२ च्या आसपास येते. एवढी हवा नेहमीच्या मोटारीत कुणी भरत नाही! म्हणजे पाणी साचलेल्या जागी, झिजलेल्या टायरने, कायद्याने परवानगी दिलेला वेगसुद्धा जीवघेणा ठरू शकतो. वेगमर्यादेची पाटी कोरड्या दिवशी आणि भर पावसात एकच आकडा दाखवते, पाण्याचा हिशोब मात्र चालकालाच करावा लागतो.

गावच्या रस्त्यावर वेग एवढा नसतो, तिथे धोका वेगळा. शेतातून डांबरावर चढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती येते. पावसाच्या पहिल्या शिडकाव्यात ही माती, सांडलेले तेल आणि रबराची भुकटी यांचा बुळबुळीत लेप बनतो. जोराच्या सरीने तो धुऊन जातो. भुरभुर पाऊस म्हणूनच दुचाकीला फसवा.

चाक तरंगू लागले की सुकाणू एकाएकी हलके लागते. अशा वेळी ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरचा पाय सावकाश उचलावा आणि सुकाणू सरळ धरून ठेवावे. वेग उतरला की टायर पुन्हा टेकतो.

मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलीमीटरहून उथळ झाली की तो टायर आपल्याकडे नियमानुसार बाद ठरतो. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या खाचांत कागदाची पट्टी उभी घालून खोलीवर खूण करावी आणि ती मिलीमीटरच्या पट्टीने मोजावी. मधल्या खाचा आणि कडेच्या खाचा वेगवेगळ्या नोंदवाव्यात. हवा कमी ठेवणाऱ्यांच्या टायरच्या कडा आधी झिजलेल्या आढळतील.