छाटलेल्या कडांची गोष्ट

न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावघरात 1991 साली तळहाताएवढंही नसलेलं एक पुठ्ठ्याचं कार्ड 4,51,000 डॉलरला गेलं. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या तेव्हाच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी मिळून ते घेतलं. कार्डावर पिट्सबर्गचा बेसबॉलपटू होनस वॅग्नर आहे. ऐंशी वर्षांपूर्वीचं कार्ड, पण कोपरे टोकदार आणि कडा सरळ. सगळे त्या कडांवरच भाळले.

ही कार्डं 1909 ते 1911 दरम्यान अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटांतून निघत. चुका तेव्हापासूनच्या. शेरी मगी याच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं. जो डॉइल अमेरिकन लीगमध्ये खेळायचा, त्याला नॅशनल लीगमध्ये घातलं. दोन्ही चुका लगेच सुधारल्या गेल्या, त्यामुळे चुकीची कार्डं थोडीच उरली आणि आज तीच महाग आहेत. या चुकांत कुणाचा डाव नव्हता.

कार्डांवर साल छापलेलं नसायचं. त्यांची वर्गवारी लावली सिरॅक्यूसच्या जेफरसन बर्डिकने. विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं म्हणून ‘टी’ हे अक्षर, पुढे क्रमांक. वॅग्नरचा संच झाला टी-206. संधिवाताने हात आखडलेल्या या माणसाने आपला तीन लाखांहून मोठा संग्रह मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला. मला या साऱ्या कथेत सर्वांत मोठा माणूस तोच वाटतो. कार्ड कुठल्या संचातलं, हे त्याची सूची सांगायची. समोरची प्रत किती जपलेली आहे, हे सांगणं तिचं काम नव्हतं. पैसा वाढला तसं ते काम विकणाऱ्याच्या हाती गेलं, आणि माझ्या मते घात झाला तो इथे.

हे वॅग्नर कार्ड 1985 मध्ये बिल मास्ट्रोने 25,000 डॉलरला घेतलं. पुढे तो या व्यवसायातला सर्वांत बडा लिलावदार झाला. जुन्या कार्डाचे कोपरे हाताळून गोलावतात. कड बारीक छाटली की ते पुन्हा टोकदार दिसतात, कार्ड मात्र मुळाहून अरुंद होतं. छाटलेल्या कार्डाला प्रतवारी द्यायचीच नाही, असा संग्राहकांत दंडक आहे. तरीही 1991 मध्ये नव्याने निघालेल्या पीएसए या प्रतवारी कंपनीने याच कार्डाला आपला पहिला क्रमांक आणि दहापैकी 8 गुण देऊन ते प्लास्टिकच्या पेटीत बंद केलं. आता वर्णन वाचायचीही गरज उरली नाही. आकडा पुरेसा होता. त्या 8 च्या जोरावर 2000 साली किंमत साडेबारा लाखांच्या पुढे गेली, 2007 मध्ये 28 लाख डॉलर झाली.

कडांबद्दल कुजबुज जुनीच होती. अखेर 2013 मध्ये शिकागोच्या न्यायालयात मास्ट्रोने फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. त्यात खोट्या बोल्या लावून भाव चढवणं होतं, आणि कार्डाच्या बाजूच्या कडा आपणच कापल्याची कबुलीही होती. विक्रीच्या मजकुरात मात्र त्याने ते दडवलं होतं. 2015 मध्ये त्याला वीस महिन्यांची कैद झाली.

सिगारेटीच्या कारखान्यातल्या चुका कार्डावरच छापलेल्या होत्या, ज्याला दिसतील त्याला दिसाव्यात अशा. मास्ट्रोने कापलेली पट्टी काही मिलिमीटरचीही नसेल. ती कुठल्या सूचीत नाही, कुठल्या पेटीत नाही.