बुलढाण्याचा साहेब दख्खनला का परतला?

परक्या मुलखात राहून गेलेल्या माणसाची परतायची ओढ आपण सहसा तिथल्या हवापाण्याच्या नावावर जमा करतो. १८५७ साली बुलढाण्याला डेप्युटी कमिशनर म्हणून आलेल्या फिलिप मेडोज टेलरचं आयुष्य पाहिलं, तर या ओढीचं मूळ अंगावर घेतलेल्या जबाबदारीत सापडतं. १८२४ मध्ये पंधराव्या वर्षी तो मुंबईत उतरला, निजामाच्या नोकरीत वाढला आणि शोरापूर संस्थानाचा कारभार त्याने सुमारे बारा वर्षं पाहिला. पुढे १८५३ च्या तहाने वऱ्हाड व नळदुर्ग इंग्रजांकडे आले आणि टेलर नळदुर्गचा कारभार पाहू लागला. १८५७ चा उठाव पेटल्यावर हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट डेव्हिडसनने त्याला नळदुर्गहून तातडीने वऱ्हाडात धाडलं. सोबत द्यायला फौज नव्हती. शिपायांच्या बळावर नव्हे, तर देशमुख-पाटलांच्या भरवशावर मुलूख शांत ठेवायचा होता, आणि तो राहिला. प्रकृती ढासळल्याने १८६० मध्ये त्याने हिंदुस्थान सोडला. त्यानंतर लिहिलेल्या ‘तारा’ (१८६३) आणि ‘सीता’ (१८७२) या कादंबऱ्यांतही तो इथेच वावरत राहिला. पहिलीची नायिका तुळजापूरची, तर दुसरीला पार्श्वभूमी १८५७ ची.

ही गमावलेल्या सत्तेची हळहळ होती, असा आक्षेप कुणी घेईल. त्याला आधारही आहे. रयतेच्या विश्वासाची हकिगत आपल्याला मुख्यतः टेलरच्याच आत्मचरित्रातून कळते. शिवाय ज्याला त्याने लहानपणापासून वाढवलं, तो शोरापूरचा राजा वेंकटप्पा नाईक १८५८ मध्ये इंग्रजांवर उलटला, आणि ते प्रकरण निस्तरायला टेलरलाच बुलढाण्याहून तिकडे जावं लागलं. पुढे त्या तरुण राजाचा गोळी लागून अंत झाला. पण नुसती सत्तेचीच चटक असती, तर अधिकार गेल्यावर ती विझायला हवी होती. १८७५ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना तो निजामाचा दिवाण सालारजंग याच्या आमंत्रणावरून हैदराबादला आला. उबदार हवेत हिवाळा काढायचा वैद्यकीय सल्ला होता, हे खरं. पण ऊब युरोपच्या दक्षिणेलाही होती. इथे तापाने गाठलं आणि परतीच्या वाटेवर, १३ मे १८७६ ला, फ्रान्समधल्या मेंतोंला त्याचा मृत्यू झाला. या ओढीमुळे परकी सत्ता न्याय्य ठरत नाही. मात्र ज्या मुलखात यशाइतकंच अपयशही पदरी पडलं, त्याच्याशी माणसाचा हिशेब सहजी मिटत नाही, एवढं टेलरच्या या शेवटच्या फेरीवरून नक्की म्हणता येतं.