बर्फावरच्या जोड्या : पेअर स्केटिंगचा इतिहास

एक स्त्री आणि एक पुरुष यांनी मिळून, एकाच संगीतावर सादर करायच्या फिगर स्केटिंगला पेअर स्केटिंग म्हणतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा रिंक साधारण 60 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद असतो. स्पर्धा दोन भागांत होते : सुमारे 2 मिनिटे 40 सेकंदांचा लघु कार्यक्रम आणि सुमारे 4 मिनिटांचा मुक्त कार्यक्रम. लिफ्टमध्ये पुरुष आपल्या जोडीदारणीला हात ताठ करून डोक्याच्या वर तोलतो आणि स्वतः गिरक्या घेत पुढे सरकत राहतो. ट्विस्टमध्ये तो तिला उंच उडवतो, ती हवेत आडवी फिरते आणि खाली येताना तो तिला कमरेला धरून झेलतो. थ्रो जंपमध्ये तो तिला दूर फेकतो आणि ती हवेत दोन-तीन फेऱ्या घेऊन एका पायावर, अगदी अरुंद पात्याच्या कडेवर उतरते. डेथ स्पायरलमध्ये तो एका जागी पाय रोवतो आणि ती त्याचा हात धरून, डोके बर्फाला टेकेल इतकी मागे झुकून त्याच्याभोवती वर्तुळ काढते. यांतली एकही गोष्ट एकट्याने होत नाही. त्यामुळे या खेळाचा इतिहास हा मुख्यतः जोड्या कशा जमल्या, कोणी जमवल्या आणि का तुटल्या याचा इतिहास आहे.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाची स्थापना 1892 मध्ये नेदरलँड्समधील शेवेनिंगन येथे झाली. फिगर स्केटिंगची पहिली जागतिक स्पर्धा 1896 मध्ये सेंट पीटर्सबर्गला भरली, पण तिच्यात फक्त पुरुष होते. जोड्यांना जागतिक स्पर्धेत स्थान मिळाले ते 1908 मध्ये, त्याच शहरात. जर्मनीचे आन्ना ह्यूब्लर आणि हाइनरिख बर्गर तिथे जिंकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडन ऑलिंपिकचे सुवर्णपदकही त्यांनीच मिळवले. त्या ऑलिंपिकमध्ये जोड्या होत्या अवघ्या तीन, आणि उरलेल्या दोन ब्रिटनच्या होत्या. दोन्हींमध्ये नवरा-बायकोच एकत्र खेळत होते : फिलिस आणि जेम्स जॉन्सन, तसेच मॅज आणि एडगर सायर्स.

त्या काळी हा खेळ सुखवस्तू लोकांच्या क्लबांत रुजलेला छंद होता. हातात हात घालून, लयीत, शेजारी-शेजारी सरकणे हेच त्याचे मुख्य रूप होते, आणि जोडी बहुधा घरातूनच किंवा क्लबमधल्या ओळखीतून जमे. लुडोविका आयलर्स ही जर्मन मुलगी आणि वॉल्टर याकोबसन हा फिनलंडचा तरुण यांची जोडी त्या पिढीतली सर्वांत टिकाऊ. लग्नानंतर दोघेही फिनलंडकडून खेळले. 1911, 1914 आणि 1923 च्या जागतिक स्पर्धा त्यांनी जिंकल्या. मधली अनेक वर्षे पहिल्या महायुद्धाने खाल्ली. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेताना ती 35 वर्षांची आणि तो 38 वर्षांचा होता.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात छंदाला कसबाचे रूप येऊ लागले. फ्रान्सच्या आंद्रे जोली आणि पिएर ब्रुने यांनी 1928 आणि 1932 ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. जर्मनीच्या मॅक्सी हर्बर आणि अर्न्स्ट बायर यांनी एकमेकांना न धरता, पण अगदी एकसारख्या हालचाली करण्याची रीत पुढे नेली. एकजण दुसऱ्याची सावली वाटावा, अशी ही रीत. 1936 मध्ये गार्मिश-पार्टेनकिर्शनला ऑलिंपिक जिंकताना हर्बर फक्त 15 वर्षांची होती आणि बायर तिशीत होता. लहान चणीची मुलगी आणि तिच्याहून वयाने, ताकदीने मोठा पुरुष हा पुढे सर्वत्र रूढ झालेला साचा इथे ठळकपणे दिसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जियम, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया आणि कॅनडा अशी विजेत्यांची नावे बदलत राहिली. 1960 मध्ये स्क्वॉ व्हॅलीला कॅनडाचे बार्बरा वॅगनर आणि रॉबर्ट पॉल ऑलिंपिक विजेते ठरले. 15 फेब्रुवारी 1961 रोजी जागतिक स्पर्धेसाठी प्रागला निघालेला अमेरिकेचा संपूर्ण संघ ब्रुसेल्सजवळ विमान कोसळून मृत्युमुखी पडला. त्यात 18 स्केटर होते, शिवाय त्यांचे प्रशिक्षक, कुटुंबीय आणि पदाधिकारी. स्पर्धा रद्द झाली. खेळाडूंबरोबर त्यांना घडवणारे प्रशिक्षकही गेल्यामुळे अमेरिकेला सगळी घडी नव्याने बसवावी लागली.

1964 मध्ये इन्सब्रुकला लुडमिला बेलोउसोवा आणि ओलेग प्रोतोपोपोव हे लेनिनग्राडचे पती-पत्नी जिंकले. सोव्हिएत संघाचे फिगर स्केटिंगमधले हे पहिले ऑलिंपिक सुवर्ण. दोघांनीही स्केटिंग उशिरा, किशोरवयात सुरू केले होते. बॅले आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत यांचा आधार घेऊन त्यांनी लांब, संथ, अखंड वाहणारी शैली घडवली आणि डेथ स्पायरलचे नवे प्रकार रूढ केले. 1968 मध्ये ग्रनोबलला दुसरे सुवर्ण मिळाले, तेव्हा तो 35 वर्षांचा आणि ती 32 वर्षांची होती. पण देशात वारे बदलत होते. 1969 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या जागतिक स्पर्धेत तिन्ही पदके सोव्हिएत जोड्यांनी घेतली : सुवर्ण इरिना रोदनिना आणि अलेक्सेई उलानोव यांचे, रौप्य तमारा मोस्कविना आणि अलेक्सेई मिशिन यांचे, आणि कांस्य बेलोउसोवा-प्रोतोपोपोव यांचे. 1979 मध्ये या बुजुर्ग जोडप्याने दौऱ्यावर असताना स्वित्झर्लंडमध्ये आश्रय मागितला आणि ते तिथेच स्थायिक झाले.

रोदनिनाबरोबर जोडी जमवण्याचे काम नात्यागोत्याकडून संस्थेकडे गेले. लष्कराच्या क्रीडा क्लबमध्ये स्तानिस्लाव झुक हा कठोर प्रशिक्षक मुले निवडत असे. कोणी कोणाबरोबर खेळायचे हे तोच ठरवी. रोदनिनाची उंची जेमतेम पाच फूट, पण तिचा वेग आणि ताकद यांनी खेळाची गतीच बदलली. 1972 मध्ये कॅलगरीच्या जागतिक स्पर्धेआधी सरावात ती लिफ्टमधून पडली, रुग्णालयात गेली, आणि तरीही बर्फावर उतरून जिंकली. त्यानंतर उलानोव दुसऱ्या जोडीतल्या लुडमिला स्मिर्नोवाबरोबर खेळू लागला. जोडीदार गेला की विजेत्याची कारकीर्दही एका दिवसात अधांतरी होते. झुकने लेनिनग्राडच्या अलेक्झांडर झाइत्सेवला तिच्याबरोबर उभे केले. 1973 मध्ये ब्रातिस्लाव्हाला कार्यक्रमाच्या मध्येच संगीत बंद पडले. दोघांनी न थांबता उरलेला कार्यक्रम शांततेत पूर्ण केला आणि ते विजेते ठरले. रोदनिनाने 1969 ते 1978 अशी सलग 10 जागतिक सुवर्णपदके मिळवली आणि दोन जोडीदारांबरोबर मिळून 3 ऑलिंपिक जिंकली. त्यांतले शेवटचे, 1980 चे, पहिल्या बाळंतपणानंतर एका वर्षात.

या यंत्रणेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मुलगी जितकी लहान आणि हलकी, तितकी ती हवेत उंच जाई. 1977 मध्ये मरीना चेर्कासोवा आणि सर्गेई शाखराई यांनी युरोपीय स्पर्धेत चार फेऱ्यांचा ट्विस्ट केला, तेव्हा ती 12 वर्षांची होती. 1979 मध्ये ते जगज्जेते झाले. पुढे ती वाढली, उंच झाली, आणि ज्या हलकेपणावर जोडी उभी होती तो संपल्यावर जोडीही संपली. मुलीचे नैसर्गिक वाढणे हीच कारकिर्दीतली अडचण ठरावी, हा या खेळावरचा मोठा डाग आहे. वरिष्ठ स्पर्धांसाठी किमान वय 17 करण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय संघाने 2022 मध्ये घेतला आणि तो टप्प्याटप्प्याने लागू केला.

कोलोरॅडोत रौप्यपदक मिळवणाऱ्या तमारा मोस्कविनाने प्रशिक्षक म्हणून लेनिनग्राडची परंपरा जिवंत ठेवली. तिच्या हाताखालच्या जोड्यांनी 1984, 1992, 1998 आणि 2002 ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. आर्तुर दिमित्रियेव्ह तर तिच्याकडे शिकून दोन वेगवेगळ्या जोडीदारणींबरोबर ऑलिंपिक विजेता झाला. मॉस्कोच्या लष्करी क्लबमध्ये येकातेरिना गोर्देयेवा आणि सर्गेई ग्रिन्कोव यांना एकत्र आणले गेले, तेव्हा ती 10 वर्षांची आणि तो 14 वर्षांचा होता. संस्थेने जमवलेली ही जोडी पुढे प्रेमात पडली आणि 1991 मध्ये विवाहबद्ध झाली. 1988 आणि 1994 ची ऑलिंपिक त्यांनी जिंकली. 20 नोव्हेंबर 1995 रोजी लेक प्लॅसिडला सराव करताना ग्रिन्कोव हृदयविकाराने कोसळला. तो 28 वर्षांचा होता. पुढे गोर्देयेवा एकटीने बर्फावर उतरली.

या खेळात धोका जोडीदारांमधल्या अंतरातच असतो. शेजारी-शेजारी एकाच वेळी गिरकी घेताना दोघांत हातभर अंतर कमी पडले, तरी पाते शस्त्र होते. जानेवारी 1996 मध्ये रिगा येथे सराव करताना येलेना बेरेझ्नाया हिच्या डोक्याला त्या वेळच्या जोडीदाराच्या स्केटचे पाते लागले आणि कवटीत घुसले. शस्त्रक्रिया झाली; तिची वाचाही काही काळ गेली होती. अँटन सिखारुलिद्झे या नव्या जोडीदाराच्या आधाराने ती पुन्हा बर्फावर आली. 1998 आणि 1999 मध्ये ते जगज्जेते झाले. 2002 मध्ये सॉल्ट लेक सिटीला त्यांना ऑलिंपिक सुवर्ण मिळाले, पण परीक्षणातील गैरप्रकाराच्या आरोपांनंतर कॅनडाच्या जेमी साले आणि डेव्हिड पेलेतिए यांनाही सुवर्ण दिले गेले. या प्रकरणानंतर 6.0 गुणांची जुनी पद्धत मोडीत निघाली आणि 2004 पासून प्रत्येक घटकाला वेगळे गुण देणारी पद्धत आली. 1964 पासून 2006 पर्यंतच्या 12 ऑलिंपिकमध्ये पेअरचे सुवर्ण दर वेळी सोव्हिएत संघ, त्याच्या विघटनानंतरचा संयुक्त संघ किंवा रशिया यांच्याकडेच गेले. फक्त 2002 मध्ये ते वाटून घ्यावे लागले.

ही साखळी तुटली ती चीनच्या ईशान्येकडील हार्बिन शहरातून आलेल्या माणसांमुळे. याओ बिन आणि लुआन बो ही जागतिक स्पर्धेत उतरलेली पहिली चिनी जोडी. शिकवायला जाणकार नव्हता. परदेशी जोड्यांची छायाचित्रे पाहून ते लिफ्ट शिकले. छायाचित्रात पकड दिसते, पण त्या पकडीपर्यंत कसे पोचायचे ते दिसत नाही. 1980 मध्ये डॉर्टमुंडला ते शेवटचे आले आणि प्रेक्षक त्यांना हसले. 1984 च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्येही ते शेवटचेच होते. याओ बिनने मग प्रशिक्षण हाती घेतले. त्याने 1992 मध्ये हार्बिनच्याच शेन श्युए आणि झाओ होंगबो यांना एकत्र आणले. 2002 मध्ये ते जगज्जेते झाले, चीनची पहिलीच अशी जोडी. 2005 मध्ये झाओच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला, तरी काही महिन्यांनी ट्यूरिनला त्यांनी कांस्य मिळवले. 2007 मध्ये त्यांनी लग्न केले. 2010 मध्ये व्हँकुव्हरला सुवर्ण त्यांचे झाले आणि रौप्य पांग छिंग आणि तोंग जियान यांचे. दोन्ही जोड्या याओ बिनच्याच. 2022 मध्ये बीजिंगला सुई वेनजिंग आणि हान त्सोंग यांनी चीनला दुसरे सुवर्ण मिळवून दिले.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले प्रशिक्षक आणि खेळाडू जगभर पांगले आणि जोडीदाराचा शोध देशांच्या सीमा ओलांडू लागला. जागतिक स्पर्धेत दोघांपैकी एक जण त्या देशाचा नागरिक असला तरी चालते. ऑलिंपिकसाठी मात्र दोघांनाही नागरिकत्व लागते. म्हणून आज जोडी जमली की पाठोपाठ कागदपत्रांची लढाई सुरू होते. युक्रेनमध्ये जन्मलेली अल्योना साव्हचेन्को जर्मनीकडून रॉबिन झोल्कोवीबरोबर पाचदा जगज्जेती झाली, पण ऑलिंपिक सुवर्ण हुकत राहिले. फ्रान्सच्या ब्रुनो मासोला जर्मन नागरिकत्व 2017 च्या अखेरीस मिळाले. त्याच्याबरोबर 2018 मध्ये प्योंगचांगला, आपल्या पाचव्या ऑलिंपिकमध्ये, लघु कार्यक्रमानंतर चौथ्या क्रमांकावरून तिने ते जिंकले. फरक होता 0.43 गुणांचा. अमेरिकेत जन्मलेली डिआना स्टेलाटो-डुडेक दीड दशकाहून अधिक काळ खेळापासून दूर राहून परतली आणि कॅनडाच्या मॅक्सिम देशां याच्याबरोबर 2024 मध्ये 40 व्या वर्षी जगज्जेती झाली. किशोरवयीन मुलीशिवाय पेअर होत नाही, ही जुनी समजूत तिने खोटी ठरवली.

जपानकडे एकेरीत जगज्जेते होते, पण पेअरची परंपरा नव्हती. 2019 मध्ये र्‍युइची किहारा खेळ सोडण्याच्या विचारात होता. त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान रिकू मिउराने त्याच्याबरोबर चाचणी घेऊन पाहिली आणि पहिल्याच ट्विस्टमध्ये जोडी जुळते आहे हे दोघांनाही जाणवले. सरावासाठी दोघे कॅनडात गेले आणि 2023 मध्ये सायतामाला जपानची पहिली जगज्जेती जोडी ठरले. 29 जानेवारी 2025 रोजी वॉशिंग्टनजवळच्या विमान अपघातात 1994 चे पेअर जगज्जेते येवगेनिया शिश्कोवा आणि वादिम नाउमोव हे दांपत्य मृत्युमुखी पडले. रशियातून येऊन ते बोस्टनमध्ये मुलांना शिकवत होते. दोन महिन्यांनी त्याच बोस्टनमध्ये जागतिक स्पर्धा भरली. अपघातात गेलेल्यांना तिथे श्रद्धांजली वाहिली गेली, आणि पेअरचे सुवर्ण पुन्हा मिउरा आणि किहारा यांना मिळाले.